उसना दिलेला पंतप्रधान

पाकिस्तानच्या पंतप्रधानांची नावं सांगा म्हटलं, तर आपण भुट्टो म्हणू, बेनझीर म्हणू, नवाझ शरीफ म्हणू. मुहम्मद खान जुनेजो हे नाव चटकन कुणाच्या तोंडी येत नाही. मार्च १९८५ ते मे १९८८ अशी तीन वर्षं हे गृहस्थ त्या खुर्चीवर होते. १९८६ साली सार्क परिषदेसाठी बंगळूरला येऊनही गेले.

त्यांचा जन्म १९३२ सालचा, सिंधमधल्या सिंधडी गावचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, वेगळा झाला १९३६ साली. म्हणजे जुनेजो जन्मले ते मुंबई सरकारच्याच अमलाखाली. सिंधडीचं नाव आज आंब्यामुळं माहीत आहे. लांबट, पिवळाधमक आंबा. आपल्याकडं हापूसचा जो तोरा, तोच तिकडं सिंधडीचा. (दोघांत सरस कोण, या भांडणात मी आज पडत नाही.) घर जमीनदाराचं, शेतीचं शिक्षण इंग्लंडमध्ये. त्यांच्या पाठीवर हात होता पीर पगारांचा. हे पीर म्हणजे हूर लोकांचे गुरू आणि मुस्लिम लीगचे जुन्या वळणाचे पुढारी. जुनेजो त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य. अयुब खानांच्या काळात पश्चिम पाकिस्तानात मंत्री, पुढं लष्करशहा जनरल झियांच्या मंत्रिमंडळात काही काळ रेल्वेमंत्री. ना घोषणा, ना गर्जना. सडपातळ, मोजकं बोलणारा माणूस.

जनरल झियांना असाच माणूस हवा होता. १९८५ च्या फेब्रुवारीत त्यांनी निवडणूक घेतली, पण पक्षांना मज्जाव करून. पंतप्रधान सिंधचा हवा आणि डोईजड नको, हा हिशोब. पगारांनी आपला माणूस झियांना उसना दिला, असं तेव्हा गमतीनं म्हणत. आणि या उसन्या माणसानं पहिल्याच भेटीत झियांना विचारलं म्हणे, ‘मार्शल लॉ कधी उठवताय?’ आभार मानायच्या जागी असा सवाल!

मार्शल लॉ उठला, ३० डिसेंबर १९८५ ला. पण त्याची किंमत आधीच चुकती झाली होती. जुनेजोंच्याच सभागृहानं आठवी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि राष्ट्रपतीच्या, म्हणजे झियांच्या, हाती ५८-२-ब हे कलम दिलं. राष्ट्रपतीला वाटलं की सभागृह बरखास्त. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसलाच प्रकार. जुनेजोंना मी धुतल्या तांदळासारखं म्हणणार नाही. फखर इमाम यांच्यासारखा स्वतंत्र बाण्याचा सभापती त्यांच्याच काळात, त्यांच्याच माणसांनी घालवला. तरीही एप्रिल १९८६ मध्ये झियांच्या विरोधक बेनझीर परदेशातून परतल्या, लाहोरला लोटलेली गर्दी साऱ्या जगानं पाहिली, आणि सरकारनं ती होऊ दिली. जुनेजो परंपरेतले होते, लीगवाले होते, बंडखोर मुळीच नव्हते. मला वाटतं, त्यांनी फक्त एकच गोष्ट केली. कागदावर पंतप्रधान लिहिलंय ना, मग ते खरं धरून चालायचं.

त्यातून आली ती सुझुकीची गोष्ट. सरकारी उधळपट्टी थांबवायची म्हणून त्यांनी जाहीर केलं, मंत्री, सचिव आणि जनरल लहान सुझुकी गाड्यांतून फिरतील. आपल्या मारुती आठशेची ती सख्खी बहीण. आता चित्र डोळ्यांपुढं आणा. छातीवर पदकांची रांग, डोक्यावर टोपी, आणि जनरलसाहेब गुडघे पोटाशी घेऊन मागच्या सीटवर. पैसे किती वाचले असतील ते असोत, पण लष्कराच्या मनाला ते लागलं.

मग १० एप्रिल १९८८. रावळपिंडीजवळच्या ओझरी छावणीतल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. अफगाण मुजाहिदीनांसाठी साठवलेली रॉकेटं आपल्याच शहरांवर सुटली. शंभराच्या आसपास माणसं मेली. एक मंत्री, खाकान अब्बासी, गाडीतच गेले. त्यांचे चिरंजीव पुढं पंतप्रधान झाले. चारच दिवसांनी जुनेजो सरकारनं अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा माघारी नेण्याच्या जिनिव्हा करारावर सही केली. अफगाणिस्तानच्या बाबतीत झियांचं मन वेगळं होतं. त्यात ओझरीला जबाबदार कोण याची चौकशी सुरू झाली, आणि तिचा रोख लष्कराकडं वळण्याची चिन्हं दिसू लागली.

२९ मे १९८८. जुनेजो परदेश दौऱ्यावरून परतले. विमानतळावर पत्रकारांशी बोलले. त्याच संध्याकाळी झियांनी सरकार आणि सभागृह दोन्ही बरखास्त केली. कलम तेच, ५८-२-ब. तिसऱ्या महिन्यात, १७ ऑगस्टला, बहावलपूरजवळ झियांचं विमान कोसळलं. पुढं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बरखास्ती बेकायदा होती. पण निवडणुका तोंडावर आल्यात, तेव्हा सभागृह परत मिळणार नाही. वरात निघून गेल्यावर घोडं हजर! त्या निवडणुकीत जुनेजो स्वतःच्या मुलखात हरले. १९९० साली पुन्हा निवडून आले, पण तोवर लीगची सूत्रं लाहोरच्या शरीफांकडं सरकत चालली होती.

१८ मार्च १९९३ रोजी अमेरिकेत, रक्ताच्या कर्करोगानं, जुनेजो गेले. बरोबर एका महिन्यानं, १८ एप्रिलला, राष्ट्रपती गुलाम इशाक खान यांनी नवाझ शरीफांना घरी पाठवलं. कलम पुन्हा तेच. या खेपेला मात्र न्यायालयानं सव्वा महिन्यात सभागृह परत बसवलं.