गांजा, जनमत आणि मक्तेदारी

अमेरिकेतील ओहायो राज्यात पुरेशा सह्या गोळा करून नागरिकांना आपला प्रस्ताव थेट मतदानास टाकता येतो. 2015 साली या मार्गाने गांजा कायदेशीर करणारी घटनादुरुस्ती पुढे आली. परंतु व्यापारी लागवड केवळ दहा ठरावीक जागांवर व्हायची होती आणि त्या जागा मोहिमेला पैसा पुरविणाऱ्या गुंतवणूकदारांच्या होत्या. स्वातंत्र्याच्या नावाखाली मक्तेदारी राज्यघटनेतच लिहून घेण्याचा हा डाव सुमारे 64 टक्के मतदारांनी उधळला. विरोधकांत गांजाचेच विरोधक पुष्कळ होते. तथापि घटनेतून मक्तेदारी बहाल करण्यास आळा घालणारी दुसरी दुरुस्ती मतदारांनी त्याच दिवशी स्वीकारली.

2023 साली दहा जागांच्या मक्त्याविना नवा प्रस्ताव आला. विक्रीवर 10 टक्के कर आणि त्यातील वाटा बंदीच्या अंमलबजावणीने पोळलेल्यांसाठी, अशी त्यात तरतूद होती. सुमारे 57 टक्के मतांनी तो मंजूर झाला.

गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात डांबू नये, हे न्यायाचेच आहे. परंतु बंदी उठल्यावर पीक कोणाच्या हाती आणि नफा कोणाच्या खिशात, हा प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारला पाहिजे.