सभेतलं भाषण कसं ऐकावं

(कार्यकर्ता शिबिरातली मांडणी. ढाण्याढाण्यावर वाचून दाखवावी.)



निवडणूक आली की जीप येते, भोंगा लागते, भाषण होते. आपण ऐकतो अन् घरी जातो. पण ज्याले सगळी सत्ता एका हाती पाहिजे, त्याच्या भाषणाची घडण ठरलेली असते. ती आपण ओळखली पाहिजे.

12 जून 1975 ला अलाहाबाद हायकोर्टाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. 25 जूनच्या रात्री आणीबाणी लागली. सकाळी त्या रेडिओवर बोलल्या. त्यात चार गोष्टी पाहा.

एक : घाबरायचं कारण नाही, असं सांगितलं. त्याच रात्री विरोधी पुढारी तुरुंगात गेले होते.

दोन : देशात मोठा कट चालला आहे, म्हणाल्या. कट कोणाचा, त्याचं नाव नाही. नाव नसलं की मागाहून कोणालेही त्यात बसवता येते.

तीन : सामान्य माणसाच्या भल्याची कामं सुरू केली तेव्हापासूनचा हा कट. म्हणजे जो आमच्या विरोधात, तो गरिबाच्या विरोधात.

चार : प्रश्न माझ्या खुर्चीचा नाही, देशाचा आहे.

पाठोपाठ 1 जुलैला वीस कलमी कार्यक्रम आला. भूमिहीनाले जमीन, वेठबिगारी बंद. कलमं वाईट नव्हती. अशा भाषणात आपली खरी गरजही असते, म्हणूनच माणूस मान हलवते. पण पेपरवर सेन्सॉर, विरोधाच्या सभेवर बंदी. जमीन नाही मिळाली तर विचारावं कोठं? 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून टळलं. त्याच वर्षी 42 व्या घटनादुरुस्तीने जंगलाचा विषय राज्याच्या यादीतून सामायिक यादीत गेला. तेव्हा कितीतरी विरोधी खासदार तुरुंगात होते. जंगलात राहणाऱ्याले कोणी विचारलं?

जर्मनीत 1933 साली संसदेची इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी हिटलरच्या सरकारने वटहुकूम काढला. नाव काय, तर जनतेच्या आणि राष्ट्राच्या संरक्षणासाठी! नाव संरक्षणाचं, काम तुरुंग भरायचं.

आता आपल्याकडे या. मेळघाटात 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगल वाचवा म्हणतात, ते आपल्यालेही पाहिजे. पण पुढचं वाक्य येते : अतिक्रमणवाले जंगलाचे शत्रू. कूप तोडणाऱ्या ठेकेदाराचं नाव येत नाही. मग घाई : आजच अंगठा द्या, उद्या उशीर होईल. धोका खरा, शत्रू मात्र आपण. घडण तीच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे आपल्या संघटनेच्या पुढाऱ्यालेही लागू आहे. आम्हालेही तपासा.

म्हणून कोणाचंही भाषण झालं की गावसभेत हे प्रश्न घ्या :

– शत्रू कोण सांगितला? नाव घेतलं का? पुरावा दिला का?
– आपला फायदा सांगितला. तो नाही मिळाला तर दाद कोठं मागायची?
– काय बोलायचं टाळलं?
– घाई काहून? त्याने प्रश्न विचारू दिला का?

उत्तर मिळेपर्यंत टाळी नाही अन् अंगठाही नाही. कागद गावात ठेवून घ्या, वाचता येणाऱ्याकडून सगळ्यांसमोर दोनदा वाचून घ्या, बायांचं मत घ्या, मगच ठरवा.