ती म्हणाली, की तिने दावा केला?

(पाथरी येथे कार्यकर्ते आणि मंडळीतील मित्रांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज इंग्रजी शब्दांवर बोलणार आहे म्हटल्यावर तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. घाबरू नका, शिकवणी घेत नाही. आपल्या कामाचा अहवाल वर्षातून चार वेळा इंग्रजीत जातो. त्यात एका क्रियापदाबाबत माझ्या हातून चूक झाली, ती सांगायला उभा आहे.

पारधी वस्तीवरची एक बाई. तिच्या मुलाचा जमातीचा दाखला अडला होता. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेला घराणं कुठं राहत होतं याचा पुरावा लागतो, आणि तो मागणाऱ्यानंच द्यायचा असतो. पालावर राहणाऱ्यांकडं कागद कुठून येणार? ती म्हणाली, "दादा, माझा सासरा हितंच जन्मला, हितंच गेला." त्या म्हाताऱ्याला मी स्वतः ओळखत होतो. तरी अहवालात मी लिहिलं, 'शी क्लेम्स'. 'सेज'पेक्षा भारदस्त वाटलं, एवढंच कारण. शब्दकोशात दोन्ही शेजारी शेजारी होते. काही आठवड्यांनी मदत पाठवणाऱ्यांचं पत्र आलं: म्हणजे हे खरं नाही का? खात्री होईपर्यंत मुलाच्या वसतिगृहाचे पैसे थांबले. एक सत्र वाया गेलं.

पाथरीकरांना हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. जानेवारी २०२० आठवा. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. शिर्डीकरांचा आक्षेप पाथरीला मिळणाऱ्या निधीला नव्हता, 'जन्मस्थान' या शब्दाला होता. इथली माणसं 'सांगत' होती, बातम्यांत मात्र 'पाथरीकरांचा दावा' असं छापून येत होतं. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही. पण आपल्या तोंडच्या वाक्याला कुणी 'दावा' म्हटलं की कसं वाटतं, हे इथं ज्याला त्याला ठाऊक आहे.

'क्लेम' हा शब्द मुळात वाईट नाही. त्याच्यापुढं वस्तू किंवा हक्क आला की तो हक्काची मागणी होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच शब्द आहे. किनवटकडं आपले आंध बांधव वनहक्काचा दावा दाखल करतात, त्यात संशय नाही, अधिकार आहे. त्या कायद्याचे नियम तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनसुद्धा पुरावा म्हणून धरतात. पण 'क्लेम'पुढं 'दॅट' आलं आणि मागं एखादी हकीकत आली, की वाचणारा समजतो: हे ती म्हणते, आम्ही नाही.

'अलेज' त्याहून कठीण. तो आरोपाचा शब्द आहे, सिद्ध न झालेल्या गोष्टीचा. आपली वर्तमानपत्रं वाचताना एकदा पेन्सिल घेऊन बसा. अधिकारी 'माहिती देतात', वस्तीवरची माणसं 'आरोप करतात'. कधी ते योग्यही असतं, चौकशी व्हायची असते. पण हे वाटप दरवेळी तसंच कसं होतं? पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. क्रियापदांत तो अजून कुठं कुठं शिल्लक आहे, असं मला वाटतं.

बाकीचे थोडक्यात सांगतो. 'असर्ट' म्हणजे ठासून सांगणं, पण पुरावा दिला असं त्यात येत नाही. 'मेन्टेन' म्हणजे कुणी विरोध केला तरी तेच म्हणणं. 'डिक्लेअर' म्हणजे जाहीर करणं. 'स्टेट' सगळ्यांत साधा, नोंदीचा. प्रतिज्ञापत्रात आपण 'सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो' असं लिहितो, त्यातलं 'कथन' म्हणजे हाच. आणि 'अफर्म' म्हणजे शपथ न घेता गांभीर्यानं खरं सांगणं. डोंगरावरच्या प्रवचनामुळं शपथ घ्यायला ज्यांचं मन धजत नाही, त्यांनी लक्षात ठेवा: १९६९ च्या शपथ कायद्यानं साक्षीदाराला ही मोकळीक दिलेली आहे.

मराठीतही सगळं एक नाही. आई पोराला विहिरीकडं जाऊ नको म्हणून निक्षून सांगते, ती ताकीद असते. साक्षीदार निक्षून सांगत नाही, तो खात्रीनं सांगतो.

आता 'इन्सिस्ट'. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. पेत्र तुरुंगातून सुटून मरीयेच्या दारावर थाप देतो. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचं विसरते आणि आत धावते. आत प्रार्थना करणारी मंडळी तिलाच वेडी ठरवते. ती मात्र तेच सांगत राहते. जुन्या इंग्रजी भाषांतरात इथं 'अफर्म' आहे, नव्यांत 'इन्सिस्ट'. मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येतं, लूकच्या २२ व्या अध्यायात. अंगणातला एक माणूस पेत्राकडं बोट दाखवून म्हणतो, हा त्याच्याबरोबर होता. दोन्ही ठिकाणी खात्रीनं बोलणारं माणूस साधं, बिननावाजलेलं, आणि दोन्ही ठिकाणी खरं बोलणारं. लूकनं रुदेबद्दल 'तिचा असा समज होता' असं लिहिलं नाही, याचं मला हल्ली फार वाटतं.

म्हणून 'असर्ट', 'अफर्म' सगळीकडं पेरा, असं मी म्हणत नाही. तो दुसरा खोटेपणा होईल. तिनं सांगितलं असेल तर 'टोल्ड अस' लिहा. आपण पाहिलं असेल तर काय पाहिलं ते लिहा. माहीत नसेल तर तेही लिहा.

त्या बाईचं वाक्य मी नंतर बदललं: "तिनं आम्हांला सांगितलं, आणि लेखक तिच्या सासऱ्याला याच वस्तीवर ओळखत होता." पुढच्या सत्रात मदत सुरू झाली. दाखला अजून आलेला नाही, अर्ज पुन्हा दिला आहे.

या तिमाहीच्या अहवालाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे, शेजारी लाल पेन ठेवलं आहे. चहाच्या आधी प्रत्येकानं एक पान वाचावं. 'क्लेम' दिसला की थांबा आणि ज्यानं लिहिलं त्याला विचारा. तिसरं पान माझं आहे.