रुग्णाच्या उशापाशी
(मोरा येथील भाषण)



आपल्या या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्यांत नोकरीवाले असतात, बाजारहाट करणारे असतात. तसेच तपासणीच्या कागदांची पिशवी छातीशी धरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेलेही असतात. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाने कित्येकांना जीवदान दिले. परंतु ज्या रुग्णाला शेवटी "आता घरी न्या" असे सांगितले जाते, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मी आज आपणापुढे मांडीत आहे.

रोग बरा होण्याची आशा संपली म्हणजे सेवेचे कर्तव्य संपले, असे नव्हे. हा विचार डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढून कृतीत आणला. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन स्थापन झाले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले शुश्रूषागृह होय. पुण्यास वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र उभे राहिले. केरळात तर गावोगावचे शेजारीच शिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. वेदना शमविणे हे डॉक्टर व परिचारिकांचे काम. पण जवळ बसणे, ऐकून घेणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे, थकलेल्या घरच्या माणसाला दोन घटका झोप घेऊ देणे, हे काम स्वयंसेवकाचे आहे.

हे आपणच का करावे? अतिसाराने पीडित होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही कथा आपण जाणता. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या, हेही आपण जाणता. आणखी एक कारण आहे. कर्करोग स्पर्शाने होत नाही. तरीही कित्येक घरांत रुग्णाचा पेला वेगळा ठेवला जातो. वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांहून अधिक कोणाला ठाऊक असणार? ज्यांना स्पर्श नाकारला गेला, त्यांच्या मुलाबाळांनी मरणाऱ्या माणसाचा हात हातात घ्यावा, याहून समतेचा मोठा पाठ कोणता?

मात्र सेवेलाही शिस्त हवी. प्रथम संस्थेकडून शिक्षण घ्यावे. स्वतःच्या मनाने औषध देऊ नये. त्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये. रुग्णाची जात विचारू नये, आणि त्याच्या उशापाशी आपल्या धम्माचाही प्रचार करू नये; दुर्बल झालेल्या माणसाचे मन वळविणे हा विजय नव्हे. त्याला अभंग ऐकावासा वाटला तर अभंग ऐकवावा, कुराण ऐकावेसे वाटले तर वाचणारा शोधून आणावा.

मजुरी बुडवून सेवा करा, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन तास पुरेत. जेवढे निभेल तेवढेच वचन द्यावे. कारण खाटेवरचा माणूस तुमच्या वाराची वाट पाहत असतो, आणि त्याच्यापाशी वार थोडे उरलेले असतात. ओहोटीमुळे लाँच खोळंबली तर आता पूल आहे, रेल्वे आहे; वाट अडली असे म्हणायला जागा उरलेली नाही. आणि आरंभासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच आळीत असे एखादे दार असेल. आज घरी जाताना ते ठोठवा.

जयभीम!