राजाला खरं सांगणारा न्यायाधीश



भरल्या दरबारात मुजरा करणारे पुष्कळ भेटतात. पडत्या काळात दाराशी येणारा एखादाच. अशाच एका फ्रेंच न्यायाधीशाची ही हकीकत आहे.

माल्झेर्ब त्यांचं नाव. १७२१ साली पॅरिसच्या एका बड्या सरदार घराण्यात ते जन्मले. १७५० साली करांचे खटले चालवणाऱ्या वरिष्ठ न्यायालयाचे ते मुख्य झाले. छापल्या जाणाऱ्या पुस्तकांवर देखरेख ठेवण्याचं सरकारी कामही त्याच साली त्यांच्याकडे आलं.

त्या सुमारास दिदेरो हा पंडित एक मोठा ज्ञानकोश तयार करीत होता. धर्माधिकाऱ्यांचा त्यावर रोष. कागदपत्रं जप्त करण्याचा हुकूम सुटला. दिदेरोच्या मुलीनं लिहून ठेवलं आहे, की माल्झेर्बांनी आदल्या दिवशीच निरोप धाडला, उद्या झडती होणार! पण एका रात्रीत एवढे कागद हलवायचे कुठं? तर म्हणाले, माझ्याच घरी पाठवा. तिथं कोण शोधायला येतो?

आता करांची गोष्ट ऐका. उमरावांना पुष्कळ करांतून सूट, आणि भार शेतकऱ्याच्या पाठीवर. कित्येक प्रांतांत तर ठरलेलं मीठ सरकारी कोठारातूनच घेण्याची सक्ती होती. मिठावरचा कर म्हणजे काय, हे १९३०चा सत्याग्रह ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. १७७१ साली राजानं वरिष्ठ न्यायालयांवर गदा आणली. माल्झेर्बांनी लेखी विरोध केला. त्यांचं न्यायालय बंद झालं, आणि त्यांची रवानगी गावाकडच्या जहागिरीत झाली. पुढं सोळाव्या लुईनं त्यांना परत बोलावलं. तरी १७७५ साली त्यांनी या नव्या राजालाही लिहून दिलं, की करांचा कारभार उघड्यावर आणा, प्रजेचं म्हणणं ऐका.

१७८९ साली क्रांती झाली. १७९२च्या डिसेंबरात त्याच राजावर खटला उभा राहिला. वकिली घ्यायला लोक कचरत होते. एकाहत्तर वर्षांचे माल्झेर्ब आपणहून पुढं आले. मंत्रिपदासाठी सारे धडपडत, तेव्हा राजानं मला दोनदा बोलावलं; आज ही सेवा धोक्याची आहे, म्हणून ती मी केलीच पाहिजे, अशा अर्थाचं पत्र त्यांनी लिहिलं.

राजा वाचला नाही. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २२ एप्रिल १७९४ रोजी माल्झेर्बही गिलोटिनखाली गेले. त्याच दिवशी त्यांची मुलगी, नात आणि नातजावई यांनाही ठार करण्यात आलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, क्रांतीचा पाठ शिकवताना हा माणूस मुलांना जरूर सांगा. सत्ता राजाच्या हाती होती तेव्हा त्यांनी प्रजेची बाजू मांडली. राजा कैदी झाला तेव्हा राजाची. मग ते होते कोणाच्या पक्षाचे? हा प्रश्न मुलांनाच विचारा, आणि त्यांना बोलू द्या.