‘अर्धकथानका’तील उधारी आणि आजचे तारुण्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा ताळेबंद. अशा प्रसंगी जमेच्या बाजूविषयी भरभरून बोलले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु व्यापारी समाजाला हे वेगळे सांगावयास नको की, नावेची बाजू झाकून ठेवलेली वही खरी नसते. आजचा विषय त्या झाकलेल्या बाजूचा आहे. तो म्हणजे विशी-तिशीतील मुलामुलींवर असलेले कर्ज, जे बहुधा घरातील कोणालाच ठाऊक नसते.

हा विषय नवा नाही. चारशे वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याच्या मुलाने तो स्वतःच लिहून ठेवला आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी त्यास अर्धी कथा म्हटले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते. परंतु त्याचे खरे मोल निराळे आहे. मोठा झालेला मनुष्य सहसा लपवितो, तेच त्यांनी लिहिले.

किशोरवयात ते प्रेमप्रकरणात गुंतले आणि त्यासाठी वडिलांच्या जवाहिरातील खडे चोरले. पुढे एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज दारात एक दीनार सापडेल, असे त्याने सांगितले. बनारसीदासांनी त्याला द्रव्य दिले, वर्षभर जप केला, आणि दारात काहीच सापडले नाही. आज संन्याशाची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे, इतकाच काय तो फरक. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली देशात कायद्याने बंदी आली. परंतु विनाश्रम दीनाराची आशा कायद्याने जात नाही.

वयाच्या सुमारे चोविसाव्या वर्षी वडिलांनी विश्वासाने जवाहीर, तूप, तेल आणि जौनपूरचे कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. तेथे व्यवहाराची घडी बसली नाही. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने कोठेतरी गळून पडली, कपड्यात बांधून ठेवलेली माणके उंदराने नेली. भांडवल संपले, मग घरातील वस्तू विकण्याची पाळी आली. तेव्हा त्यांनी बाजारात जाणेच सोडले. रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ गाऊन ते दहा-वीस श्रोत्यांचे मन रमवीत. बँकेचा संदेश न उघडता रात्र रात्र चित्रफिती पाहत बसणाऱ्या आजच्या तरुणाची अवस्था याहून वेगळी नाही. कर्जाचे पहिले लक्षण रिकामा खिसा नव्हे, हिशेबाकडे फिरविलेली पाठ होय.

त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडे उधारीवर जेवू लागले. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून सांगितले की, यापुढे उधार देऊ नकोस, माझ्यापाशी काहीही नाही, तुझे पैसे बुडतील. त्यावर कचोरीवाल्याने वीस रुपयांपर्यंत निश्चिंतपणे खाण्यास सांगितले. पुढे धरमदास नावाच्या तरुणाबरोबर भागीदारीत चार पैसे मिळाले, तेव्हा बनारसीदासांनी त्या उधारीचे चौदा रुपये चुकते केले. भागीदारीचा हिशेब झाला तेव्हा जेवढे मिळविले तेवढेच खर्चही झाले होते. हेही त्यांनी लपविले नाही. त्यानंतर खैराबादेस सासुरवाडीला गेले असता, पत्नीने साठवून ठेवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि तिच्या आईने गाजावाजा न करता दोनशे रुपये दिले.

या कथेचे सार एवढेच की, ज्या दिवशी त्यांनी कचोरीवाल्याला खरी स्थिती सांगितली, त्या दिवशी ते ऋणमुक्त झाले नाहीत, परंतु ऋण लपविण्याच्या पापातून मुक्त झाले. आणि सत्य ऐकून न रागावणारी माणसे त्यांना लाभली. दोन्ही गोष्टींची गरज असते. एकीने भागत नाही.

आजचा सावकार मात्र तो कचोरीवाला नव्हे. समजा, क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, एकूण २,०६५ रुपये. मुलाने ‘किमान रक्कम’ म्हणून २,५०० रुपये भरले आणि तो निर्धास्त झाला. मुद्दल कमी झाले केवळ ४३५ रुपयांनी! शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही सामान्यतः पहिल्या दिवसापासून व्याज लागते. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला हे गणित शाळेत शिकविले जात नाही. ते दुकानाच्या गादीवर शिकविले जात असे. गादी गेली आणि गणितही गेले.

आपल्या शास्त्रकारांनी यावर उपदेश करून थांबणे पसंत केले नाही, त्यांनी माप दिले. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आहे, भोगोपभोग-परिमाण आहे. परिमाण म्हणजे मोजमाप. ‘कमी खर्च करीन’ हा संकल्प नव्हे, ‘या महिन्यात एवढाच’ हा संकल्प होय. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त सद्गृहस्थाची लक्षणे सांगताना उत्पन्नानुसार खर्च आणि ऐपतीनुसार वेश यांचा समावेश केला. आणि घेतलेले ऋण फेडण्याची तळमळ नसेल, तर अचौर्य व्रताचे काय राहिले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

तथापि सर्व दोष तरुणांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. लग्नात एका दिवसाच्या मंडपावर वर्षाची कमाई उधळणारे हात वडीलधाऱ्यांचेच असतात. संघात पत उंचीने मोजली जाते, हे मुले लहानपणापासून पाहतात. मग महागडा भ्रमणध्वनी हप्त्यांवर घेणाऱ्या मुलास कोणत्या तोंडाने बोलावे?

तरुणांसाठी मार्ग साधा आहे, सोपा मात्र नाही. एका कागदावर प्रत्येक देणे, त्याचा व्याजदर आणि तारीख लिहावी. सर्वांचे हप्ते वेळेवर देऊन उरलेली रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कर्जात भरावी. जुने फेडण्यासाठी ॲपवरून नवे कर्ज घेऊ नये. वसुलीच्या फोनला घाबरू नये. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मनाई केली आहे, आणि धमकावण्यासही. आणि तो कागद घरातील एका तरी माणसाला त्याच आठवड्यात दाखवावा.

वडीलधाऱ्यांनी तो कागद पाहताना प्रथम मौन पाळावे. रागावण्यास पुढे पुष्कळ दिवस आहेत. लाजेने तोंड लपविणारा मुलगा एकदा परत फिरला, तर दुसऱ्यांदा दारात येईलच असे नाही. ट्रस्टने साधर्मिक भक्तीचा अर्थ थोडा विस्तारावा. धान्य आणि शिष्यवृत्ती यांबरोबरच, दर महिन्यास एका सायंकाळी दोन अनुभवी श्रावकांनी तरुणांचे हिशेब गुप्तता राखून पाहावेत. त्यास निधी लागणार नाही. वेळ लागेल आणि तोंड बंद ठेवण्याची सवय लागेल.

बनारसीदास पुढे आग्र्याच्या अध्यात्म मंडळीत मान्यता पावले. १६३६ साली त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले, जे आजही श्रद्धेने वाचले जाते. ते लिहिणारा हात तोच होता, ज्याने एकेकाळी उधारीची कचोरी खाल्ली. आत्मचरित्राच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे गुणही मांडले आणि दोषही. दिवाळीस वहीपूजन करताना पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते. यंदा प्रत्येक घरातील तरुणाने दुसऱ्या पानावर आपले देणे लिहावे आणि ते पान घरात उघडे ठेवावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!