खडकावरची ड्यूटी

बेंगळुरूहून समुद्र कुठल्याही बाजूला तीनशेएक किलोमीटर. तरी आज समुद्रपक्ष्यांवर बोलतोय, कारण जोडून सुट्टी आली की आपली पावलं मालवण, गोवा, मुरुडेश्वरकडे वळतात.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात उघड्या खडकांची काही बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथं सुरय पक्षी वीण घालतात. इंग्रजीत त्यांना टर्न म्हणतात. हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये त्यांच्यावर लेख लिहिला होता.

यातल्या दोन जाती पाहा. पांढऱ्या भुवईचा, तपकिरी पाठीचा सुरय खडकाच्या कपारीत, सावली शोधून अंडं घालतो. पिवळ्या चोचीचा, काळ्या तुऱ्याचा मोठा सुरय मात्र उघड्यावरच, शेजाऱ्याला जवळजवळ खेटून. घरट्यात काडीसुद्धा नसते. दोघांचंही अंडं बहुधा एकच. म्हणजे राखीव कुमक नाही.

जवळपास महिनाभर नर-मादी पाळीपाळीनं अंड्यावर बसतात. सैन्यात आम्ही पहारा बदलतो तसंच: दुसरा आल्याशिवाय पहिला जागा सोडत नाही. आपल्याला वाटतं, ते अंडं उबवतायत. भर दुपारी उलट असतं. तेव्हा आईबाप अंड्यावर सावली धरून उभे असतात.

मोठ्या सुरयाची पिल्लं काही दिवसांत एकत्र जमतात, पाळणाघरच म्हणा. मासा घेऊन आलेले आईबाप त्या गर्दीत आपलं पिल्लू आवाजावरून ओळखतात. उडायला लागल्यावरही काही महिने त्याला भरवतात. मासा पकडणं शिकायला वेळ लागतो.

आता मुद्द्याचं. विणीच्या दिवसांत तुमची बोट खडकाला लागली किंवा ड्रोन खाली आला, की सगळी वसाहत एकदम उठते. तुम्हाला फोटो छान मिळतो. खाली तापलेल्या दगडावर अंडी उघडी पडतात. उन्हात ती थोड्याच वेळात आतल्या आत शिजतात, नाहीतर शिकारी पक्षी उचलतात. त्या जोडप्याचं त्या हंगामाचं सगळं त्या एका अंड्यात असतं.

म्हणून एवढंच करा. बोटवाल्याला आधीच सांगा, "दादा, बेटावर उतरायचं नाही, लांबूनच दाखवा." दुर्बीण न्या. पक्षी ओरडत उठू लागले, तर बोट मागे घ्यायला लावा. पहाऱ्यावरच्याला जागेवरून हलवायचं नसतं.